जुनी ठेवू की नवी टाकू?

"बाबा, सर्व्हर मी चालवते हे तुम्ही गिऱ्हाइकांना का सांगत नाही?"

झालं, सुटला बाण. लवंगीने प्रश्न विचारला आणि लगेच एवढा मोठा घास तोंडात कोंबला, म्हणजे पुढचं बोलायची पाळी आपल्यावर यायला नको.

प्रश्न तिच्या पोटातलाच होता, पण तो घरी विचारायची पैज मैत्रिणींची. मधल्या सुट्टीत ती नळापाशी नेहमीसारखी बढाया मारत होती. परवाची फुटबॉलची मॅच आख्ख्या शाळेने फोनवर बघितली ती कुणामुळे? चित्र मधेच थिजायला लागलं तेव्हा कुणी सावरलं? लंबीने बाटलीचं झाकण फिरवता फिरवता विचारलं, "मग मॅच संपल्यावर खाली तुझ्या बाबांचंच नाव का येतं गं?" पोपटने, म्हणजे झोपेतही बडबडणाऱ्या दुसऱ्या मैत्रिणीने, लगेच री ओढली, "हिचं नाव कुठून येणार? हिला घरी 'जा, पाणी आण' एवढंच म्हणत असतील!" लवंगीने दोघींना नळाखाली धरून भिजवलं. पण तिसरी, कुरळी, शांतपणे म्हणाली, "घ-घरी विचारून दाखव." कुरळी अडखळत बोलायची, त्यामुळे बोललेला एकही शब्द फुकट घालवायची नाही. तिने पैज लावली म्हणजे विषय संपला.

लवंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. चणीने एवढीशी आणि बोलायला तिखटजाळ, म्हणून वर्गात कुणीतरी ते चिकटवलं आणि बघता बघता ते जिना चढून घरात आलं. तिखटपणासुद्धा अलीकडचाच बरं का. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला 'हजर' म्हणताना तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचायचा नाही. आता तिला गप्प करायला दोन माणसं लागायची.

बाबांनी पाण्याचा घोट घेतला. "काय सांगू गिऱ्हाइकाला? की बाबांनो, तुमचा कार्यक्रम नववीतली पोर सांभाळते? उद्या दुकानाला टाळं लागेल."

"पण सांभाळते तर मीच की!"

"सांभाळतेस म्हणजे काय, बटणं दाबतेस. मागे डोकं माझं असतं."

"जेवताना नको हे विषय," आई म्हणाली.

"मग कधी? उपाशी असताना?"

"बघ, बघ, जीभ कशी कात्रीसारखी चालतेय," बाबा आईला म्हणाले, जणू ती जीभ आईनेच बाजारातून आणून दिली होती. आणि ते ताटावरून उठले. ताटात अजून अर्धी पोळी होती.

त्या दिवसापासून बाबा आणि लवंगी यांच्यात फक्त 'किल्ली कुठाय' आणि 'दिवा घालव' एवढंच बोलणं उरलं.

आता हा सर्व्हर म्हणजे काय प्रकरण, ते सांगायला हवं. बाबांचा आधी फोटो स्टुडिओ होता. खाली दुकान, वर घर. सगळ्यांच्या खिशात कॅमेरे आले तसं स्टुडिओत येणारं माणूस कमी होत गेलं, मग बाबांनी कार्यक्रम थेट दाखवायचा धंदा सुरू केला: शाळांच्या मॅचेस, बक्षीस समारंभ, कुणाचं गाणं, कुणाचा निरोप समारंभ. आई कॅमेरा धरायची. तिचा हात असा स्थिर, की वाटावं कॅमेरा भिंतीलाच ठोकलाय. आणि दुकानाच्या मागच्या खोलीत, धबधब्याच्या जुन्या पडद्याखाली, मिटलेल्या पांढऱ्या छत्र्या आणि मोडक्या स्टँडच्या घोळक्यात एक काळा डबा गुणगुणत बसलेला असायचा. तोच सर्व्हर. कॅमेरा ही विहीर धरली तर हा डबा म्हणजे टाकी, आणि लोकांचे फोन म्हणजे नळ. टाकीतलं पाणी कुठल्या नळाला सोडायचं, कुठला नळ बंद ठेवायचा, हे ठरवायचं काम डब्यातल्या एका सॉफ्टवेअरचं. ते नीट बसवायचं, त्याच्या सेटिंगच्या फायलीत ओळ न् ओळ लिहायची, खाजगी कार्यक्रमाला पासवर्डचं कुलूप घालायचं, हे सगळं लवंगीने शिकून घेतलं होतं. कसं? तर बाबांनी पहिल्यांदा ती फाईल उघडली, डोक्याला हात लावला आणि "बघ गं जरा, तुला कळतंय का," असं म्हणून ते चहा प्यायला गेले. ते आजपर्यंत चहाच पीत होते म्हणा ना.

बाबांचा एक नियम मात्र लवंगीला मनापासून पटायचा. स्टुडिओच्या दिवसांपासून ते म्हणायचे, "कामाच्या दिवशी नवी वस्तू हातात घ्यायची नाही." नवा कॅमेरा, नवी लेन्स, नवा दिवा, काही म्हणजे काही नाही. आधी रिकाम्या दिवशी वापरून बघायचं. सर्व्हरलाही तोच नियम.

पण एक अपडेट कधीचं अडकून पडलं होतं. सॉफ्टवेअर जुनं झालं होतं, त्यात बाहेरच्याला आत शिरता येईल असं एक भोक सापडलं होतं, ते बुजवणारं नवं व्हर्जन आलं होतं. लवंगी रोज बाबांच्या कानीकपाळी ओरडायची. त्यांचं एकच पालुपद, "चालतंय ना? मग चालत्या गाडीची चाकं काढू नकोस." शेवटी तिने आपल्या जुनाट लॅपटॉपवर तसाच एक खोटा सर्व्हर उभा केला आणि नवं व्हर्जन त्यावर घालून बघितलं. मधेच ते एक प्रश्न विचारायचं: तुमच्या सेटिंगच्या फायलीत तुम्ही स्वतः बदल केलेले दिसतात, ती जुनी ठेवू, की आमची नवी टाकू? नवी म्हटलं की सगळं धुऊन निघायचं. कारण त्यांची नवी फाईल म्हणजे नुसता नमुना. त्यात पासवर्ड नाही, काही नाही. जे काही थेट चालू असेल ते दुकानाच्या पानावर मोठ्या अक्षरांत झळकणार, आणि वाटेल त्याने यावं, बघावं, खाली वाटेल ते लिहावं. घर आहे आणि दार नाही, असला प्रकार.

हे तिने बाबांना सांगितलं होतं. पैजेच्या आधीच सांगितलं होतं. "प्रश्न आला की 'जुनी ठेव' म्हणायचं. पण आत्ता नकोच, कुरळीचा कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग रविवारी मी करते." बाबा फोनवर बोट फिरवत म्हणाले होते, "हो, हो."

ज्याच्यासाठी थांबायचं ठरलं, तो कुरळीचा कार्यक्रम शनिवारी दुपारी होता.

कुरळी ज्या वाचावर्गाला जायची तिथे सगळीच मुलं अडखळत बोलणारी. वर्गाच्या ताई वर्षातून एकदा एक छोटं सभागृह घ्यायच्या आणि प्रत्येक मुलाने स्टेजवर उभं राहून बोलायचं. ऐकायला फक्त घरची माणसं. जी लांब राहतात त्यांच्यासाठी फोनवर, तेही पासवर्ड घालूनच. बाहेरचं एक माणूस येणार नाही, या शब्दावर मुलं तयार व्हायची. वर्गाचा एक कायदा होता: कुणाचाही अडलेला शब्द दुसऱ्याने पुरा करायचा नाही. कितीही वेळ लागो. गप्प बसून वाट बघायची.

कुरळीने या वर्षी पहिल्यांदा नाव दिलं होतं. तेही लवंगीने भरीला घातलं म्हणून. "आणि को-कोणी बघितलं तर?" तिने पुन्हा पुन्हा विचारलं होतं. लवंगीने छातीवर हात मारून सांगितलं होतं, "कुलूप मी स्वतः घातलंय. माशी आत शिरणार नाही." आणि कुरळीने एकच अट घातली होती: त्या दिवशी तू सर्व्हरपाशी नाही, माझ्यासमोर पहिल्या रांगेत बसायचं. म्हणून शनिवारी मागच्या खोलीत बाबा एकटे होते.

कुरळी स्टेजवर आली. निळा झगा, केस नेहमीप्रमाणे चारी दिशांना. तिचा विषय होता 'मी फोन कसा उचलते'. आधी ती फोनकडे बघते, मग फोन तिच्याकडे बघतो. मग ती आईला हाक मारते, पण 'आई' म्हणेपर्यंत फोन बंद होतो. एकदा चुकीचा नंबर लागला आणि समोरचा माणूस तिचं 'हॅ-हॅ-हॅलो' ऐकून म्हणाला, हसताय काय मॅडम, जरा ऐकून घ्या! सभागृह खदखदून हसलं, आणि हे हसणं कुरळीला हवं होतं तिथेच, हवं होतं तेवढंच आलं. मधे एका शब्दाला ती चांगलीच अडली. कुणी खाकरलं नाही, कुणी खुर्ची हलवली नाही. शब्द आला. लवंगीचे डोळे भरून आले आणि तिने ते रागाने पुसले, कारण तिला नीट बघायचं होतं.

आणि तेवढ्यात शेजारी बसलेल्या कुरळीच्या आईचा फोन थरथरला. तिने तो बघितला आणि तिचा चेहराच उतरला. परदेशातल्या मावशीने लिहिलं होतं, 'खाली हे कोण लोक लिहितायत?'

लवंगीने आपल्या फोनवर पान उघडलं. पासवर्ड विचारलाच नाही. सरळ कुरळी दिसली, आणि तिच्याखाली भराभर वर सरकणाऱ्या ओळी. 'ह-ह-ह-हॅलो.' 'रेकॉर्ड अडकली रे, कुणीतरी टपली मारा.' 'अरे ही आपल्या शाळेतली!' हो, शाळेतलीच पोरं होती ती. मॅच बघायला दुकानाचं पान फोनवर ठेवलेलं, त्यावर 'आत्ता थेट' दिसलं, आली टोळी आत. रिकामटेकडी, निलाजरी टोळी!

लवंगी उठली आणि सभागृहाच्या मागे धावली. आई कॅमेऱ्याला डोळा लावून उभी होती.

"आई, बंद कर! बंद कर आत्ताच्या आत्ता!"

"वेडी आहेस का? चालू कार्यक्रमात?"

"अगं, सगळं जग बघतंय!"

"हळू बोल, लोक बघतायत..."

समजावत बसायला वेळ नव्हता. लवंगीने खाली वाकून कॅमेऱ्यातून निघणारी वायर धरली आणि हिसडा मारून उपटली. स्टँड कलंडलं, आईने कॅमेरा कसाबसा झेलला, खाडकन आवाज झाला आणि आख्खं सभागृह वळून बघायला लागलं. स्टेजवर कुरळी थांबली. तिचं वाक्य अर्धं राहिलं होतं. या वेळी ते पुरं झालंच नाही.

लवंगी तडक घरी आली. दुकानातून सरळ मागच्या खोलीत. बाबा डब्यासमोर बसलेले, कानशिलं लाल.

"पासवर्ड गेला कुठे?" त्यांनीच विचारलं.

"तुम्ही अपडेट केलंत?"

"सकाळी जरा वेळ होता. म्हटलं रोज डोकं खातेस, करून टाकू. मला काय येत नाही का?"

"आज? कामाच्या दिवशी? तुमचाच नियम ना बाबा!"

"छोटं काम होतं गं. चार घरचे लोक बघणार."

"आणि त्याने विचारलं असेल, जुनी ठेवू की नवी टाकू. काय म्हणालात?"

बाबांनी धबधब्याच्या पडद्याकडे बघितलं. "नवी म्हणालो. नवं करायला बसलोय म्हटल्यावर नवीच टाकणार ना माणूस. जुनी ठेवायची तर अपडेट कशाला?"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते लवंगीला त्या क्षणी कळलं. आग खरंच वर चढते. गुडघ्यापाशी जरा रेंगाळते, पोटात भडकते आणि मग कानातून बाहेर पडते. पण तिने आधी काम केलं. बाबांना खुर्चीवरून उठवलं, पेनड्राइव्हवर ठेवलेली आपली जुनी फाईल परत जागेवर घातली, सर्व्हर बंद करून चालू केला, फोनवर पान उघडून बघितलं. पासवर्ड विचारला. कुलूप परत आलं. चोर घर धुऊन गेल्यावर.

"झालं ना नीट?" बाबा म्हणाले. "मग झालं गेलं विसरायचं. मी बोललोय ताईंशी फोनवर. समजावलंय त्यांना."

'समजावलंय' म्हणजे काय, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. पण तिला वाटलं, बाबांनी माफी मागितली असेल. दुसरं काय समजावणार माणूस?

रविवारी कुरळीने फोन उचलला नाही. सोमवारी ती शाळेत आली नाही. बरंच झालं म्हणायचं, कारण जिन्यात, मैदानात, पाण्याच्या नळापाशी, जिथे बघावं तिथे 'ह-ह-ह-हॅलो' चाललेलं. कुणीतरी तेवढाच तुकडा कापून सगळीकडे पाठवला होता. लवंगीने जिन्यात एकाची बॅग ओढून त्याला पायरीवर बसवलं. "परत म्हण! म्हण ना! तुला स्टेजवर उभं केलं तर तुझी पँट ओली होईल, म-म-मर्दा!" म्हणाली आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. त्याला चिडवायला तिनेही तेच हत्यार उचललं होतं. याचा राग तिला त्या पोराहून जास्त आला.

लंबी आणि पोपट बाकावर सरकून बसल्या. तिला जागा व्हावी म्हणून नव्हे, लांब.

"तुम्हाला काय झालंय?"

"आम्हाला काय होणार," लंबी म्हणाली. "तू एवढं तरी सांगायचंस ना, की तुझ्याकडून चूक झाली. आम्ही काय खाल्लं असतं तुला?"

"माझ्याकडून?"

"ताईंनी कुरळीच्या आईला सांगितलं. तुझ्या बाबांनी स्वतः फोन केला होता. म्हणाले, मुलगी सर्व्हरशी खेळत असते, तिनेच अपडेट करून ठेवलं होतं, पोर आहे, माफ करा." पोपट पहिल्यांदाच एवढं बोलून थांबली. मग हळूच म्हणाली, "आणि वायर तूच उपटलीस. सगळ्यांनी बघितलं."

खेळत असते! लवंगीच्या डोक्यात तो एकच शब्द वाजत राहिला. इतके महिने दुकानाचा गाडा तिने ओढला, तेव्हा तिचं नाव कुणाच्या ओठावर नव्हतं. आणि पहिल्यांदा नाव घेतलं ते कशासाठी, तर बळी द्यायला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फास ओढणारा तिचा जन्मदाता!

शाळा सुटल्यावर ती तडक कुरळीच्या घरी गेली. दार कुरळीच्या आईने उघडलं, पण अर्धंच. एरवी हीच बाई तिला पायातले बूट काढायच्या आत आत ओढायची.

"काकू, मी केलं नाही ते. खरंच."

"हे बघ बाळा, तुझ्या वडिलांनीच सांगितलं. आता वडील खोटं बोलतात म्हणतेस का?" काकू ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "ती परवापासून घरातसुद्धा बोलत नाही. काही हवं असलं तर बोटाने दाखवते. किती वर्षांनी एवढं जमलं होतं. तू काही दिवस येऊ नकोस आमच्याकडे."

काकूंच्या मागे, पॅसेजमध्ये, कुरळी उभी होती. लवंगी काही म्हणायच्या आत तिनेच तोंड उघडलं. "तू म्ह... तू म्ह..." शब्द अडला. लवंगीला तो शब्द माहीत होता, पुढचे सगळे शब्द माहीत होते. पण कायदा म्हणजे कायदा. ती थांबली. काकूही थांबल्या. "तू म्हणाली होतीस, कु-कुलूप आहे."

आणि कुरळी आत निघून गेली.

घरी परतताना लवंगीला रस्ता दिसत नव्हता. सगळी दुकानं, सगळे दिवे, रस्ता ओलांडणारी सगळी माणसं बिनकामाची वाटत होती. तिला काय काय करावंसं वाटलं! डबा उचलून रस्त्यावर आपटावा. दुकानाच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावं, येथील मालक खोटारडे आहेत. पासवर्ड तिच्याकडे होता, बोटं तिच्याकडे होती, अवघड काहीच नव्हतं. पण त्याने काय झालं असतं? काकू म्हणाल्या असत्या, बघा, पोर अजून खेळतेय.

आई-बाबा दोघेही दुकानात होते. आई कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्जरला लावत होती, बाबा काउंटरवर येत्या शनिवारच्या मॅचचं ठरवत फोनवर हसत होते. फोन ठेवेपर्यंत लवंगी दारातच उभी राहिली.

"तुम्ही ताईंना सांगितलंत की मी केलं."

बाबांचं हसू अजून चेहऱ्यावर राहिलं होतं. ते आवरायला त्यांना थोडा वेळ लागला. "अगं, त्याचं काय आहे..."

"खेळत असते म्हणालात!"

"मग काय म्हणू?" बाबांचा आवाज चढला. "ताई फोनवर रडत होत्या. मी म्हणालो असतो की माझ्या हातून झालं, तर उद्या कुठली शाळा आपल्याला दारात उभी करेल? तू लहान आहेस. लहानांचं लोक पोटात घालतात, चार दिवसांत विसरतात. मोठ्याचं नाव एकदा गेलं की गेलं. घर कशावर चालतं हे, माहितीये?"

"कुणी पोटात घातलं नाही! कुरळीच्या आईने मला दारातून परत पाठवलं! कुरळी बोलायची बंद झालीय, बाबा! ती घरात बोटाने खुणा करते!"

चार्जरवरचा आईचा हात थांबला.

"हे मला नव्हतं माहीत," बाबा म्हणाले, जरा खाली येऊन. "वाईट झालं. मी... आपण काहीतरी घेऊन जाऊ तिच्याकडे. एखादी भेटवस्तू."

"भेटवस्तू!" लवंगीला हसूच फुटलं, असलं हसू की तिची तिलाच भीती वाटली. "तिला वाटतंय मी तिच्याशी खोटं बोलले. मी तिला शब्द देऊन स्टेजवर चढवलं आणि दार उघडं टाकलं. आख्ख्या पृथ्वीच्या पाठीवर तिचा फक्त माझ्यावर विश्वास होता, बाबा, आणि तो तुम्ही तुमच्या चुकीची भरपाई म्हणून देऊन टाकलात. मला न विचारता!"

"बापाशी असं बोलतात?"

"मुलीचं नाव असं विकतात?"

"अगं, हळू," आई म्हणाली. "रस्त्यावर ऐकू जातंय."

"जाऊ दे ना! आई, तुला माहीत होतं?"

आई बॅटरीकडे बघत राहिली. "ह्यांनी ताईंना फोन केला तेव्हा मी इथेच होते," ती म्हणाली. "म्हटलं, घरातली गोष्ट घरात मिटेल."

म्हणजे दोघेही. लवंगीला वाटलं होतं आता आपण आणखी भडकू, आरडाओरडा करू, काहीतरी फेकू. पण झालं भलतंच. आग होती तिथेच होती, फक्त तिचा धूर निघून गेला आणि सगळं लख्ख दिसायला लागलं. गेल्या वर्षीची ती, हजेरीला पुटपुटणारी, अशा वेळी वर जाऊन उशीत तोंड खुपसून रडली असती. आजची लवंगी दप्तर काउंटरवर ठेवून बाबांच्या समोर उभी राहिली.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "पोपट सांगत होती, उद्या संध्याकाळी ताईंनी वाचावर्गात सगळ्या पालकांना बोलावलंय, पुढच्या वर्षी कार्यक्रम करायचा की कायमचा बंद करायचा ते ठरवायला. कुरळीही येणार आहे. मी तिथे जाणार. मला कुणी बोलावलेलं नाही, तरी जाणार, आणि तिथेही कुणी दार लावलं तर बाहेर उभी राहून बोलणार. अपडेट कुणी केलं, कधी केलं, त्याने काय विचारलं आणि त्याला काय उत्तर दिलं, सगळं सांगणार. जिन्यात मी त्या पोराला काय म्हणाले तेही सांगणार. तोवर मी मागच्या खोलीत पाऊल टाकणार नाही. शनिवारच्या मॅचचं तुमचं तुम्ही बघा."

"लवंगे, ऐक माझं..."

"तुम्ही आलात तर तुम्ही बोला, बाबा. मी शेजारी उभी राहीन, मधे एक शब्द बोलणार नाही, तुम्हाला कितीही वेळ लागला तरी. नाही आलात तर मी बोलेन. आणि तुमचं नाव घेऊन बोलेन."